अंगठा लागत नाही

बसा. घाम पुसा, आणि आधी अंगठा कोरडा करा. काय करू, सवयच लागली आहे; माणूस समोर बसला की माझं लक्ष त्याच्या तोंडाकडे जातच नाही. मी आचऱ्याच्या नाझनीनच्या टेबलावरचं अंगठ्याचं मशीन. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, पाठीला काळी वायर आणि पोटावर चौकोनी काच. काचेवर अंगठा ठेवला की मी दिवा लावतो. हिरवा लागला तर तुम्ही तुम्हीच आहात. लाल लागला तर तुम्ही कोण, ते मला माहीत नाही. माझं काम एवढंच, आणि एवढ्याशा कामापायी मी जितक्या शिव्या खाल्ल्या तितक्या बाजारातल्या कुत्र्यानेही खाल्ल्या नसतील.

माझा जन्म कुठल्यातरी कारखान्यात झाला. तिथे सगळं पांढरं आणि थंडगार. माझी तपासणी ज्या अंगठ्यांनी झाली ते मऊ होते, नखं कापलेले, खुर्चीत बसून काम करणाऱ्यांचे. मी प्रत्येकाला हिरवा दिवा दाखवला आणि पास झालो. जगातले सगळे अंगठे असेच असतात, अशी माझी समजूत झाली. मग खोक्यात बसून मी कसालपर्यंत आलो, तिथून एसटीच्या पार्सलातून आचऱ्याला, आणि खोकं उघडल्यावर पहिला वास आला तो सुक्या जवळ्याचा.

नाझनीनचे अब्बा गुलामभाई सुक्या मासळीचा व्यापार करतात. दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात त्यांची पोती असतात, पुढच्या अर्ध्यात नाझनीनने बँकेचं छोटं केंद्र थाटलं. बँक मित्र म्हणतात तिला. खातं उघडणं, पैसे भरणं, पैसे काढणं, जे काम शाखेत जाऊन रांगेत उभं राहून करायचं ते हिच्याकडे बसून करायचं. एक लॅपटॉप, एक छपाईचं मशीन, एक टेबलफॅन आणि मी. मुलगी हुशार आणि जिभेची गोड. माणसं बँकेवरचा राग तिच्यावर काढत नसत, माझ्यावर काढत.

राग येण्यासारखं असतंही म्हणा बरंच काही. कधी लिंक नसते. कधी लिंक असते तर वीज नसते. शाखेतलं पासबुक छापायचं मशीन कायमच आजारी, म्हणून खात्यात काय आहे ते नाझनीन तोंडी सांगणार आणि म्हातारी माणसं मान हलवत घरी जाणार, विश्वास न बसल्यासारखी. मोबाइलवर आकडा येईल तो सांगा म्हणावं, तर मोबाइल मुंबईतल्या मुलाच्या खिशात आणि मुलगा ड्युटीवर. मेसेज पाठवल्याचेही पैसे कापले जातात हे कळल्यावर एका आजोबांनी विचारलं होतं, मी वाचलाच नाही तर परत मिळतात का. त्यावर नाझनीन हसली, पण आजोबा खरंच विचारत होते.

आणि अंगठे! माझी समजूत आचऱ्यात पहिल्याच दिवशी धुळीला मिळाली. इथले अंगठे मिठाने खाल्लेले, बर्फाने भेगाळलेले, जाळ्याच्या दोरीने कापलेले. माणसं तरी किती तऱ्हेची. कुणी मला इतकं दाबतं की जणू माझ्यातून रस काढायचा आहे. कुणी अंगठ्याला थुंकी लावतं. कुणी अंगठा डोक्याच्या केसांवरून फिरवून घेतं, आणि खरं सांगायचं तर तेवढं तेल मला बरं पडतं. काही जण हात जोडतात. मी देव नाही, पण लाल दिवा लागला की माझं कुणी ऐकत नाही.

आता मुद्द्याचं सांगतो. रुक्मिणीकाकींचं.

आचऱ्याचा मासळी बाजार तेव्हा प्लास्टिकच्या कापडाखाली भरायचा. बायका जमिनीवर पाट्या मांडून बसायच्या. रुक्मिणीची जागा नळाशेजारची, तिच्या सासूकडून तिला आलेली. सासू गेली तेव्हा घरातलं सोनं दिरांनी वाटून घेतलं आणि हिच्या वाट्याला ती जागा आली, त्या जागेवर हिने पोरं वाढवली. मग ग्रामपंचायतीने नवा बाजार बांधला; तो अजून उघडायचा होता. फरशीचे ओटे, वर पत्रा, प्रत्येक ओट्याला पाणी. पण बायकांपेक्षा ओटा एक कमी पडला. जुन्या बायकांना आधी, असं ठरलं. प्रत्येकीने अनामत भरायची, तीही स्वतःच्या नावाच्या खात्यातून, ठरलेल्या तारखेपर्यंत. जी भरणार नाही तिचा ओटा शेवटी राहिलेल्या बाईला जाणार.

शेवटी राहिलेली बाई म्हणजे गंगू. ही मूळची रेडीची. नवरा गेल्यावर भावाच्या घरी आचऱ्याला आली आणि बाजारात गटाराच्या कडेला, रुक्मिणीच्या बाजूलाच, मिळेल तेवढ्या जागेत बसायला लागली. दोघींचं कधी पटलं नाही. रुक्मिणीने मासे धुतलेलं पाणी हिच्या पाटीकडे जायचं, हिने रुक्मिणीचं गिऱ्हाईक हाक मारून ओढायचं. शिमग्याला काहीतरी मोठं भांडण झालं आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. हे सगळं मला ठाऊक, कारण दोघीही नाझनीनकडे येत आणि आपापली बाजू माझ्यासमोर मांडत.

रुक्मिणीच्या घरातलं खातं नवऱ्याच्या, बाबलीच्या, नावावर. त्यामुळे तिला स्वतःचं खातं हवं होतं. ही गोष्ट नणंदेच्या मुलाला, यतीनला कळली. तो कसालला एका खाजगी बँकेसाठी खाती गोळा करतो. गळ्यात पट्टा, शर्ट पँटीत खोचलेला. तो थेट नाझनीनच्या टेबलाशी येऊन मामीला समजावू लागला, ही मुलगी समोर बसलेली असताना. त्याच्या खात्याबरोबर रंगीत कार्ड होतं, विमा होता, घरपोच माणूस येणार होता. जी बँक इतकं देते ती कशासाठी देते, हे रुक्मिणीने विचारलं नाही. भाच्याला नाही कसं म्हणायचं, एवढाच तिच्यापुढे प्रश्न होता.

नाझनीनने सगळं ऐकून घेतलं. मग तिने एकच विचारलं.

"काकी, पावसात दर्या बंद आसता तेव्हा खात्यात काय ठेवशीत? थंय खाता रिकामा चालना नाय. दंड कापतत."

यतीन म्हणाला, दंड अगदी किरकोळ असतो. रुक्मिणीने त्याच्याकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं, आणि म्हणाली की पावसात तिच्याकडे किरकोळसुद्धा नसतं. यतीन चहा न घेता गेला.

नाझनीनने शोधून काढलं की रुक्मिणीचं एक खातं आधीपासूनच आहे. मागे कधीतरी सरकारी शिबिरात सगळ्या बायकांची खाती उघडली होती, शिल्लक ठेवायची सक्ती नसलेली. ते तसंच पडून होतं. रुक्मिणीला आनंद झाला. घरात पैसे राहत नाहीत, बाबलीला वास येतो, असं म्हणून तिने त्याच दिवशी अनामतीचे पैसे खात्यात भरून टाकले. पावती कनवटीला लावली आणि निर्धास्त झाली.

इथेच सगळं अडलं. पडून राहिलेल्या खात्याची रीत अशी की पैसे आत जातात, बाहेर येत नाहीत. बाहेर काढायचे तर खातेदार तोच आहे हे पुन्हा पटवून द्यावं लागतं. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर शिबिरातल्या कुणाचा होता देव जाणे. राहिला अंगठा. म्हणजे राहिलो मी.

तिने अंगठा ठेवला. मी लाल दिवा लावला.

मला दोष देऊ नका. काचेवर जे होतं ते मी पाहिलं, आणि तिथे काहीच नव्हतं. रेषाच नाहीत. समुद्राने घासून गुळगुळीत केलेला खडा असतो तसा अंगठा. डावा घेतला, तोही तसाच. बाकीची बोटं फिरवून झाली. नाझनीन म्हणाली, उद्या बघू.

उद्याही लाल. परवाही लाल. इतर कोळणींच्या अंगठ्यांवर काही ना काही उरलेलं असायचं, कधी लागायचा कधी नाही. हिचाच का इतका पुसलेला, ते नाझनीनला एका दुपारी कळलं. रुक्मिणी बाजार आटपून घरी जायची, नारळाच्या सोडणाने आणि चुलीतल्या राखेने दोन्ही हात घासायची, वर कोकमाच्या सोलाच्या पाण्याने धुवायची, धुतलेलं लुगडं नेसायची आणि मग केंद्रावर यायची. बँकेत जायचं म्हणून. आणि काल अंगठा लागला नाही म्हणून आज आणखी जोराने घासायची.

"हात घासू नको गो काकी," नाझनीन म्हणाली. "बाजारातसून तशीच ये."

"माशाचो वास घेवन बँकेत येव? माका लाज नाय?"

नाझनीनने हाताने चारी बाजू दाखवल्या. मागे सुक्या बोंबलांची चळत होती, पोत्यातून जवळा सांडला होता. पण रुक्मिणीला ते दिसत नव्हतं. तिच्या लेखी लॅपटॉप होता तिथे बँक होती, आणि बँकेत स्वच्छ होऊन जायचं असतं. मला तिचा राग यायचा आणि लगेच वाईटही वाटायचं. इतक्या मानाने माझ्यासमोर दुसरं कुणी येत नव्हतं, आणि तिलाच मी रोज खोटी ठरवत होतो.

शेवटची तारीख उजाडली. त्या दिवशी रुक्मिणी बाजारात गेलीच नाही. सकाळीच आली, हात घासून घासून लाल झालेले, वर खोबरेल चोपडलेलं. तेल माझ्या काचेवर पसरलं आणि मी आंधळा झालो. नाझनीनने मला पुसलं. पुन्हा लाल. पुन्हा पुसलं. पुन्हा लाल. मग पडद्यावर सूचना आली की या व्यक्तीचे प्रयत्न संपले, आज आणखी करता येणार नाहीत. रुक्मिणीला वाचता येत नाही, पण नाझनीनचं तोंड तिने वाचलं. खुर्चीच्या दांडीला धरून ती उभी राहिली. त्यापेक्षा तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नाझनीनने दुकान अब्बांवर टाकलं, मला वायरीसकट पर्समध्ये कोंबलं आणि रुक्मिणीला घेऊन तिठ्यावरच्या शाखेत गेली. शाखेतलं माझं भावंड बंद पडलेलं होतं, हे तिला माहीत होतं.

पर्समधून मला ऐकू येत होतं. टोकनचा आवाज, पंख्याची करकर, कुणीतरी शिपायाला विचारतोय की साहेब जेवून कधी येणार. बऱ्याच वेळाने मॅनेजर मॅडमच्या खुर्चीसमोर पर्स उघडली आणि मला टेबलावर ठेवण्यात आलं. मॅडम सांगलीकडून नुकत्याच बदलून आलेल्या. आवाज वाईट नव्हता, दमलेला होता. त्यांनी कागदावर शाईचा अंगठा घेतला. कागदावर निळा ठिपका उमटला, नुसता ठिपका.

"मावशी, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण मी तुम्हाला ओळखत नाही. याच शाखेतल्या कुणा खातेदाराने तुमची ओळख दिली, तर मी सही करते. त्याचा अंगठा मात्र माझ्यासमोर लागला पाहिजे."

नाझनीन म्हणाली, मी देते. मॅडमनी मान हलवली. बँक मित्राची ओळख चालत नाही, नियम आहे. बाजारातल्या बायका? त्यांना फोन केला तर कुणी उचलेना. किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं नुकतंच ओढून झालं होतं, बाजार भरात होता. शिपाई देवगडकडचा. रांगेतली माणसं पर्यटकांच्या गाड्यांची, हॉटेलांची, रुक्मिणीला तोंडाने ओळखणारी पण नाव विचारलं तर गप्प होणारी. घड्याळ पुढे सरकत होतं. पंचायतीचं काम संध्याकाळी बंद होणार होतं आणि त्याआधी इथला व्यवहार.

तेव्हा नाझनीनची नजर भिंतीकडच्या बाकावर गेली. तिथे गंगू बसली होती. पायाशी रिकामी पाटी, पदराला माशाचे खवले. ती सकाळचा माल संपवून तशीच आली होती आणि का आली होती ते सगळ्यांना कळत होतं. तिची अनामत याच शाखेतल्या खात्यात तयार होती. रुक्मिणीची वेळ टळली की तिची सुरू होणार होती.

मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी सरळ विचारलं, "त्या बाई कोण? त्या ओळखत असतील का?"

"तिला नका विचारू, मॅडम," रुक्मिणी म्हणाली. बँकेतली भाषा तिने नीट जुळवून वापरली.

मॅडमनी तरी विचारलं. गंगू बाकावरून उठली, टेबलाशी आली. रुक्मिणी जमिनीकडे बघत होती. गंगूने तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. मी काच वर करून पडलो होतो आणि माझी वायर मॅडमच्या संगणकाला लागलेली होती.

"ओळखते," गंगू म्हणाली. "ही रुक्मिणी. माझ्या शेजारी बसते."

मग तिने माझ्यावर अंगठा ठेवला.

लाल.

मी तुम्हाला सांगतो, मला त्या क्षणी स्वतःची किळस आली. मी काही ठरवून करत नाही. काचेवर आलं ते बघायचं आणि दिवा लावायचा, याच्या पलीकडे माझ्या हाती काही नाही. पण त्या लाल दिव्याने गंगूला मोकळं केलं होतं. ती खरं बोलली होती. आता अंगठा लागला नाही तर तिचा काय दोष? ती पाटी उचलून बाकावर जाऊन बसली असती तर गावात कुणी तिला बोल लावला नसता, आणि ओटाही तिचाच झाला असता. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. नाझनीनने डोळे मिटले.

गंगू हलली नाही. तिने पदराने माझी काच पुसली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, ओटा पुसावा तशी. मग अंगठा मानेवरच्या केसांतून फिरवला, फुंकर घातली आणि पुन्हा माझ्यावर ठेवला. दाबला नाही. नुसता टेकवला आणि तसाच ठेवला.

थोड्या मिठाने खाल्लेल्या, थोड्या सुरीने कापलेल्या, पण रेषा होत्या. मी शोधल्या. जेवढं बळ होतं तेवढं लावून शोधल्या.

हिरवा.

मॅडमनी सही केली. पैसे पंचायतीकडे गेले. पावती छापून आली तेव्हा शिपाई दाराची जाळी अर्धी ओढत होता.

आम्ही बाहेर पडलो. मी पुन्हा पर्समध्ये होतो. चपलांचे आवाज ऐकत होतो. तिठ्यावर आल्यावर रुक्मिणी थांबली असावी.

"कित्याक केलंस गो?"

गंगूने पाटी एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतल्याचा आवाज आला.

"मशीन नाय म्हणी होता, तेव्हाच उठाक होया होता माका," ती म्हणाली. "पण उद्या परत तुझ्याच बाजूक बसान मासे कापूचे आसत. तशी उठलंय असतंय, तर माझो हात चाललो नसतो."

आणि ती गेली. रुक्मिणीने तिला हाक मारली की नाही ते मला कळलं नाही, कारण तेवढ्यात एक डंपर गेला.

आता माझं म्हणाल, तर मी ड्रॉवरमध्ये असतो. नाझनीनकडे नवं साधन आलं आहे, ते माणसाचा चेहरा बघून ओळखतं. अंगठ्याची कटकट संपली, असं लोक म्हणतात. त्या नव्यालाही शिव्या पडायला लागल्या आहेत, हे मला ड्रॉवरमधून ऐकू येतं. उन्हाने करपलेला चेहरा त्याला म्हणे कधीकधी दिसत नाही. नव्याची खोड काढावी असं मनात येतं, पण तोही माझ्याच वळणावर गेला आहे. माझ्या काचेला चरे पडले आहेत आणि लिंक नसेल तेव्हा नाझनीन अजून मला सवयीने बाहेर काढते, पुसते आणि परत ठेवते.

जाता जाता एक मागतो. तुम्ही बँकेत बसणारे असाल, तर आमच्या लाल दिव्याला शेवटचा शब्द मानू नका. आम्ही नाही म्हटलं तर बाकावर बसलेल्या माणसाला विचारा. आणि कधी आचऱ्याला आलात, तर नव्या मासळी बाजारात जरूर जा. पत्र्याखाली, आपल्या ओट्यावर रुक्मिणी बसते. पण मासे घ्यायचे असतील तर आत जाण्याआधी फाटकाबाहेर छत्रीखाली गंगू असते, तिच्याकडून घ्या. तिला अजून ओटा मिळालेला नाही.